वेल्सचे प्रेमाचे चमचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं कार्डिफला, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत, राहिले. तिथेच पहिल्यांदा कोरायचा चाकू हातात घेतला आणि आता पुण्यात गॅलरीत बसून चमचे कोरते. भिंतीवर टांगलेले चमचे पाहिले की घरी आलेली माणसं तेच तेच प्रश्न विचारतात. फोटो पाहिलेले मेसेज करून विचारतात. एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हणून हे पान.

लव्ह स्पून म्हणजे नेमकं काय?

एकाच लाकडातून, कुठेही जोड न देता, हाताने कोरलेला चमचा. खालची वाटी बहुधा साधीच असते, सगळी कारागिरी दांड्यावर. वेल्समधल्या खेड्यातला तरुण आपल्याला आवडणाऱ्या मुलीसाठी तो कोरायचा आणि स्वतः नेऊन तिच्या हातात द्यायचा. तिने ठेवून घेतला तर पुढे भेटायला-बोलायला वाट मोकळी झाली, एवढाच त्याचा अर्थ. त्याला साखरपुडा समजू नका. सुपारी फुटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

प्रेम सांगायला चमचाच का? अंगठी, फूल का नाही?

कारण चमचा त्याच्या हातात आधीपासूनच होता. वेल्सच्या शेतकरी घरात रोजचं जेवण म्हणजे काऊल: मटण, लीक नावाची कांद्याच्या कुळातली भाजी, बटाटे, स्वीड नावाचा पिवळट कंद, सगळं एकत्र शिजवलेलं पातळ कालवण. ते लाकडी वाडग्यात वाढायचं आणि लाकडी चमच्याने खायचं. लाकडाने ओठ भाजत नाहीत. घरात माणसं जितकी, तितके चमचे लागणार, आणि ते घरातल्याच कोणीतरी कोरायचे. त्यामुळे शेतावर राबणाऱ्या मुलाला चमचा कोरणं लहानपणापासून येत असे. हिवाळ्यात तिथे चार वाजताच अंधार पडतो. चुलीच्या उजेडात बसून रोजच्या चमच्याऐवजी एक खास चमचा कोरायला घ्यायचा, इतकं ते साधं होतं.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. सोनं विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाकडे लाकूड, चाकू आणि संध्याकाळ होती. त्याने संध्याकाळ दिली. नक्षीदार दांड्याच्या चमच्यात पंधरा-वीस संध्याकाळी सहज जातात, आणि मुलीला चमच्याकडे बघूनच ते कळत असणार, कारण तिच्या घरातही कोणीतरी चमचे कोरत होतंच.

वेल्श भाषेत याला काय म्हणतात? उच्चार कसा करायचा?

ल्हुइ गारी. ‘ल्हुइ’ म्हणजे चमचा. त्यातला पहिला वर्ण आपल्या वर्णमालेत नाही. ‘ल’ म्हणताना जीभ जिथे लागते तिथेच ठेवायची आणि गळ्यातून आवाज न काढता जिभेच्या दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. मला हे जमायला दोन महिने लागले.

‘कारी’ म्हणजे प्रेम करणं. मग ‘गारी’ कुठून आलं? वेल्शमध्ये चमचा स्त्रीलिंगी आहे आणि स्त्रीलिंगी एकवचनी नामामागून येणाऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर मऊ होतं, म्हणून क चा ग. अनेकवचनात ते पुन्हा ‘कारी’ होतं. आपल्याकडे वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, त्या संधीची आठवण येते. नियमाचं कारण मात्र वेगळं आहे.

सगळ्यात जुना चमचा कुठे पाहायला मिळेल?

कार्डिफच्या वेशीवर सेंट फेगन्स हे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. 1948 साली ते सुरू झालं. वेल्सभरातली जुनी घरं, चर्च, दुकानं एकेक दगड सोडवून इथे आणून पुन्हा उभी केली आहेत. त्यांच्या संग्रहातल्या एका चमच्यावर 1667 हे साल कोरलेलं आहे. प्रवेश मोफत आहे. मुलं कार्डिफला शिकायला आहेत म्हणून जाणारे अनेक मराठी आईवडील किल्ला पाहून परत येतात. माझं ऐका, एक पूर्ण दिवस सेंट फेगन्सला द्या.

काचेपलीकडचे चमचे बघताना दांड्याची मागची बाजू दिसते का पाहा. पुढून घासून-पुसून गुळगुळीत केलेल्या चमच्यावर मागे चाकूचे छोटे सपाट काप तसेच राहिलेले असतात. काही चमच्यांवर कोरीव रेषांमध्ये लाल किंवा काळी लाख भरलेली दिसते. तीच, पत्रांवर मोहोर उमटवायला वापरतात ती.

कोणत्या चिन्हाचा काय अर्थ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आज सर्वसाधारणपणे जे अर्थ मानले जातात ते सांगते.

बदाम म्हणजे प्रेम, हे कोणालाही कळेल. दोन बदाम शेजारी असतील तर प्रेम दोन्हीकडून आहे. कुलूप, किल्ली, किल्लीचं भोक किंवा छोटं घर: ‘माझं घर ते तुझं घर, तुला सांभाळीन.’ चाक म्हणजे ‘तुझ्यासाठी कष्ट करीन’. हे मला फार आवडतं, कारण ते गाडीचं चाक आहे, शेतातलं आहे. नांगर, म्हणजे जहाजाचा, शेतातला नव्हे: ‘आता भटकंती पुरे, इथेच स्थिरावेन.’ घोड्याची नाल शुभ, आपल्याकडे दाराच्या उंबऱ्यावर ठोकतात तशीच. क्रूस म्हणजे श्रद्धा. घंटा म्हणजे लग्न. वर चढत जाणारा वेल म्हणजे वाढत जाणारं प्रेम. पीळ दिलेला दांडा किंवा एका दांड्याला दोन वाट्या म्हणजे दोघांचं एक होणं. साखळीच्या कड्या म्हणजे एकमेकांत गुंतलेलं आयुष्य. दांड्यातच कोरलेल्या पिंजऱ्यात खुळखुळणारे गोळे म्हणजे किती मुलं हवीत तो आकडा, किंवा दुसऱ्या अर्थाने, प्रेमात बंदिस्त झालेलं मन.

एक चिन्ह मराठी माणसाला लगेच ओळखीचं वाटतं. स्वल्पविरामासारखा, शेपूट वळलेला आकार. आपण पाहताक्षणी कोयरी म्हणतो. तिकडे त्याला आत्म्याचं चिन्ह मानतात; दोन कोयऱ्या समोरासमोर आल्या की दोन जिवांची जवळीक. पैठणीच्या पदरावर आणि वेल्सच्या चमच्यावर एकच आकार पाहून मी चक्रावले होते. पण सारखं दिसतं म्हणून नातं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही.

ड्रॅगन आणि डॅफोडिलचं फूल ही वेल्सची राष्ट्रीय चिन्हं. आज चमच्यांवर सर्रास दिसतात, पण ती पर्यटकांच्या काळातली भर आहे.

हे अर्थ जुन्या काळापासून असेच आहेत का?

नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. दुकानात चमच्यासोबत अर्थांचं छापील कार्ड मिळतं. ते वाचून वाटतं की सतराव्या शतकातल्या प्रत्येक तरुणाकडे हाच कोश होता. जुन्या चमच्यांसोबत अशी कोणतीही यादी आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा मंदावली, आणि विसाव्या शतकात चमचे भेटवस्तू म्हणून विकले जाऊ लागले तेव्हा अर्थ पक्के होत गेले. बदाम किंवा चाक याबद्दल फारशी शंका घ्यायचं कारण नाही. पण दांड्यावरच्या प्रत्येक टिंबात संदेश शोधू नका. पुष्कळदा कोरणाऱ्याने शेजारच्या गावातला चमचा पाहिला, नक्षी आवडली, आपलीही करून पाहिली, इतकंच असतं. रांगोळीतल्या प्रत्येक ठिपक्याला आपण तरी कुठे अर्थ विचारतो?

आणि माझं स्पष्ट मत: साखळी आणि पिंजरा यांचा पहिला अर्थ ‘बघ, मला हे जमतं’ हाच होता. चाकू घसरू न देता चार कड्या सोडवणारा मुलगा धीराचा आहे, हे मुलीच्या वडिलांनाही दिसत होतं.

मुलगा मुलीला भेटायचा कसा? घरच्यांना चालायचं?

शेतमजुराला आणि घरकाम करणाऱ्या मुलीला दिवसा उसंत नसे. भेट व्हायची ती रात्री, काम उरकल्यावर, तिच्या घरी. थंडीच्या दिवसांत दोघांनी अंगावरच्या कपड्यांनिशी एकाच पांघरुणात बसून-पडून गप्पा मारायच्या, हा त्या समाजातला मान्य रिवाज होता. थोरांना ठाऊक असायचं.

बाहेरच्यांना मात्र ते पटलं नाही. 1847 मध्ये वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करणारा सरकारी अहवाल आला. तीन आयुक्त, तिघेही इंग्रज, तिघांनाही वेल्श येत नव्हतं. शाळांबद्दल लिहिता लिहिता त्यांनी वेल्श भाषेवर आणि तिथल्या बायकांच्या चारित्र्यावरही ताशेरे ओढले. त्यात या रात्रीच्या भेटीगाठींचा मोठा वाटा होता. निळ्या बांधणीचे ते खंड. वेल्समध्ये आजही त्या प्रकरणाला ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. लोक इतके दुखावले की पुढच्या काळात सभ्य दिसण्याची, चर्चच्या शिस्तीत राहण्याची ओढ वाढली. चमच्याची गोष्ट सांगताना हा भाग गाळला जातो. मला तो गाळावासा वाटत नाही, कारण चमचा ज्या दारातून आत जायचा, ते हेच दार.

व्हॅलेंटाइन डेला देतात का?

देतात. पण वेल्सचा स्वतःचा दिवस 25 जानेवारी, संत द्विनवेनचा. पाचव्या शतकातली ही राजकन्या, राजा ब्रिखानची मुलगी. आख्यायिका अशी: तिचं मायलॉन नावाच्या तरुणावर प्रेम होतं, वडिलांनी दुसरीकडे ठरवलं होतं. तिने त्याला विसरता यावं म्हणून प्रार्थना केली. देवदूताने एक पेय दिलं आणि मायलॉनचा बर्फ झाला. मग तिला तीन वर मिळाले. पहिल्याने तिने त्याला बर्फातून सोडवलं, दुसऱ्याने खऱ्या प्रेमिकांना देवाने सांभाळावं असं मागितलं, तिसऱ्याने स्वतःसाठी मागितलं की आपलं लग्न कधीच होऊ नये. वेल्सच्या उत्तरेकडच्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्यालगत ल्हान्दुइन नावाच्या जागी तिच्या चर्चचे अवशेष आहेत. भरतीच्या वेळी तिथे जायची वाट पाण्याखाली जाऊ शकते, तेव्हा ओहोटीची वेळ बघून निघा.

चमच्यांचा आणि द्विनवेनचा जुना संबंध नाही. तिचा दिवस पुन्हा जोमाने साजरा होऊ लागला तोच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

फक्त प्रेमातच देतात?

आता नाही. लग्न, बारसं, नवीन घर, निवृत्ती, काहीही. ब्रिटनमध्ये लग्नाचा पाचवा वाढदिवस लाकडाचा मानतात, त्यालाही खूप जातात.

असे चमचे फक्त वेल्समध्येच होते?

लाकूड कोरून प्रेमाची भेट द्यायची रीत युरोपात इतरत्रही होती. नॉर्वेत तर लाकडी साखळीने जोडलेले दोन चमचे असायचे, नवरा-नवरीने शेजारी बसून एकत्र जेवण्यासाठी. पण आजवर टिकवली, आपली म्हणून मिरवली ती वेल्सनेच.

कोणतं लाकूड वापरतात? इथे भारतात काय घ्यावं?

तिकडे परंपरेने सिकमोर. मेपलच्या कुळातलं झाड. पांढुरकं, दाट रेष्यांचं आणि मुख्य म्हणजे वास-चव नसलेलं, म्हणून दूधदुभत्याची भांडीही त्याचीच. लाकूड पांढरंच राहावं म्हणून फळ्या आडव्या न रचता उभ्या करून वाळवतात. शिवाय सफरचंद, नाशपातीसारखी फळझाडं. हल्ली शिकाऊ लोकांना लाइम देतात (लिंबू नव्हे, लिंडन हे झाड), चाकूला मऊ लागतं.

इथे मी शिवण वापरते. हलकं, फिकट आणि कोरताना चाकूला साथ देणारं. हेदू मिळाला तर फारच उत्तम. बारीक पोताचा असल्याने त्याच्या लाकडी फण्या करायचे. सागाची घाई करू नका. दिसतो छान, पण त्यात वाळूसारखे कण असतात, चाकूची धार बघता बघता जाते. आंब्याचे रेषे एकमेकांत अडकलेले असतात, बारीक नक्षीला दगा देतात. काजऱ्याचं लाकूड खाण्याच्या चमच्याला अजिबात घेऊ नका, ते झाड विषारी आहे. झाड ओळखता येत नसेल तर वखारीतल्या जाणत्या सुताराला विचारल्याशिवाय जळाऊ लाकूड उचलू नका.

हत्यारं किती लागतात?

कमी. एक सरळ पात्याचा छोटा चाकू, वाटी खोदायला एक वळलेल्या पात्याचा चाकू, बारीक करवत, गिरमिट, पॉलिश पेपर. वाटीच्या चाकूचं वेल्श नाव ऐकून मराठी कान टवकारतात: ‘तुका काम’. तुका म्हणजे चाकू, काम म्हणजे वाकडा. त्याचा दांडा लांब असतो, त्यामुळे जोर मनगटावर न येता हातभर वाटला जातो. आणि धार लावायला शिका. बोथट चाकू जोर मागतो, जोर लावला की तो घसरतो. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा व्रण बोथट चाकूचाच आहे.

पिंजऱ्यातला गोळा आत कसा घालतात?

घालतच नाहीत. तो आतच जन्मतो.

दांड्याचा चौकोनी भाग घ्या, समजा 25 मिलिमीटर बाय 25. चारही बाजूंवर खिडकी आखायची, कोपऱ्यांना पाच-पाच मिलिमीटरच्या चार काड्या राहतील अशी. मधली फट झाली 15 मिलिमीटर. आता चारही बाजूंनी थोडं थोडं आत शिरायचं. आतला ठोकळा काड्यांपासून सुटत जातो, त्याचे कोपरे मारत मारत तो गोल होतो. गोळा 18 मिलिमीटरचा ठेवला तर आत मोकळा फिरतो, पण 15 च्या फटीतून बाहेर येऊ शकत नाही. सगळं गणित या तीन मिलिमीटरमध्ये आहे.

शेवटचा धागा तुटून गोळा सुटतो तेव्हा लाकडातून एक बारीक ‘टक’ असा आवाज येतो. माझ्या पहिल्या पिंजऱ्यात तो आवाज आला आणि त्याच दिवशी, गोळा घासताना, एक काडी मोडली. सहा तासांचं काम होतं. तो चमचा मी टाकला नाही, तीन काड्यांचा आहे तसाच भिंतीवर आहे.

साखळीचंही तत्त्व हेच. चौकोनी दांड्याचे चार कोपरे काढून तो अधिकच्या चिन्हासारखा करायचा, उभ्या पंखावर एक कडी, आडव्यावर पुढची, अशा एकाआड एक आखायच्या आणि सोडवत जायच्या. कड्या लांबट ठेवा. लाकडाची ताकद रेष्यांच्या लांबीत असते. कडी टोकाशी वळते तिथे रेषे आडवे कापले जातात आणि तुटायची तर ती तिथेच तुटते.

चमच्यावर मराठी नाव कोरता येईल का?

येईल, आणि आरपार जाळीकामात देवनागरी रोमनपेक्षा सरस पडते. जाळीत अक्षरं एकमेकांना धरून असावी लागतात, नाहीतर सुटी होऊन पडतात. आपली शिरोरेषा ते काम आपसूक करते. फक्त एक काळजी घ्या. उभ्या दांड्यावर नाव आडवं कोरलं तर शिरोरेषा लाकडाच्या रेष्यांना आडवी जाते आणि नाजूक होते. एकतर ती चांगली जाड ठेवा किंवा नाव दांड्याच्या लांबीत लिहा. जुन्या वेल्श चमच्यांवर आद्याक्षरं आणि साल असायचं, तेवढंही पुरतं.

विकत घेताना हाताचा की मशीनचा, कसं ओळखायचं?

साखळी उजेडात धरा. लाकडाचे रेषे एका कडीतून पुढच्या कडीत त्याच ओळीत जाताना दिसले पाहिजेत. कडीवर बारीक सरळ चीर दिसली तर ती कापून, ओवून, गोंदाने चिकटवली आहे. कडा तपकिरी, जळल्यासारख्या असतील तर लेसरचं काम. बाजूने पापुद्र्यांसारखे थर दिसले तर प्लायवूड. लेसरचा चमचा घेऊ नये असं नाही, स्वस्तात आठवण होते. पण तो हाताने कोरलेला म्हणून विकला जात असेल तर राग यायला हवा, कारण त्यात कोणाचीच संध्याकाळ गेलेली नाही.

तेल कोणतं लावायचं? रोजच्या वापराला चालेल का?

साधा, जाड दांड्याचा असेल तर बिनदिक्कत वापरा. माझ्या आईला दिलेल्या चमच्याच्या दांड्यावर एकच बदाम आहे आणि ती त्याने आमटी ढवळते. हळदीने वाटी पिवळी झाली आहे, छान दिसते. साखळी-पिंजऱ्याचे मात्र भिंतीवरच ठेवा, फटींत अन्न अडकतं.

जवसाचं तेल घ्या, घाण्यावरचं, कच्चं. ते हवेत वाळून घट्ट होतं. शेंगदाणा, तीळ यांची तेलं वाळत नाहीत, चिकट होऊन खवट वास मारतात. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस खाण्याच्या चमच्याला नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी पुसून काढा, काही दिवस वाळू द्या आणि पुन्हा एक हात. पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ते पसरून दोरीवर वाळवते, कडक झालं की मगच कचऱ्यात.

धुताना कोमट पाणी, थोडा साबण, लगेच पुसायचं. डिशवॉशरमध्ये नाही, आणि भिजत तर मुळीच ठेवायचा नाही. वाटी खरखरीत लागली की बारीक पॉलिश पेपर फिरवून पुन्हा एक हात जवसाचा.